सुटे आकडे

४ फेब्रुवारी

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार वगैरे आहेच, पण आधी भांडण. बारा दिवस झाले, तू फोन उचलत नाहीस. पहिले दोन दिवस वाटलं, मोबाईल पुन्हा लोकरीच्या पिशवीत टाकून विसरलीस. मग शेजारच्या काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, "बरी आहे हो, जिना चढते-उतरते, फक्त कान दुखतो म्हणते." कान दुखतो म्हणून फोन नको, असं हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर तीस वर्षं बसलेल्या बाईने म्हणावं? तेव्हा तर अंगात ताप असतानाही कानाला हेडफोन लावून बसायचीस.

म्हणून हे पत्र. याआधीचं पत्र मी शाळेत असताना लिहिलं होतं, तेही पाच मार्कांसाठी. अक्षर लागलं नाही तर चष्मा पूस, मला नावं ठेवू नकोस.

कानाच्या यंत्रांचं काय करायचं? डॉक्टरांनी दोन्ही कानांना लावायला सांगितली आहेत आणि तू पसंत केलेली जोडी अजून त्या साइटवर आहे. मी इथून तुझं कार्ड टाकते. तुझ्या मोबाईलवर सहा आकडे येतील, ते मला वाचून दाखव, की झालं. दोन मिनिटांचं काम आहे. गेल्या महिन्यात लोकर मागवली तसंच. फक्त कृपा कर आणि दर वेळी सांगते तसे सुटे आकडे सांग. तू ठसक्यात "एकोणऐंशी" म्हणतेस आणि मी आठ-नऊ टाकून बसते. मला ते एकोण-बिकोण या जन्मात जमणार नाही.

आमच्या कार्ड कंपनीच्या ऑफिसात कळलं ना, की "हा आकडा कोणालाही सांगू नका" हे मेसेजमधलं वाक्य लिहिणारी बाईच आत्याकडून आकडे घेते, तर माझी वरात काढतील. पण मी काय 'कोणी' आहे का?

फोन उचल.

तुझी,
लगबग


९ फेब्रुवारी

चि. लगबग,

अनेक आशीर्वाद. त्यातले निम्मे तुझ्या अक्षराला, त्याला जास्त गरज आहे.

मी ठणठणीत आहे. कान खरंच दुखतो, डावा. फोन लावला की आत शिट्टी वाजते. यंत्रांची घाई नको. या वयात सगळं ऐकू आलंच पाहिजे असं कुठे आहे? काकू जिन्यात उभ्या राहून काय काय बोलतात ते न ऐकलेलंच बरं. त्या साइटवर कार्ड वगैरे टाकू नकोस. अगदी टाकू नकोस.

तुझ्या ऑफिसबद्दल तू कधी नीट सांगितलं नाहीस. तुझ्या शेजारच्या टेबलावर कोण बसतं? हळू, गोड बोलणारा कोणी गृहस्थ आहे का? सहज विचारते. आणि एक शंका आहे, ती काकूंची. एखाद्या बाईने चुकून काही सांगितलं आणि तिची नातेवाईक त्याच कंपनीत नोकरीला असली, तर त्या नातेवाइकाच्या नोकरीला धक्का लागतो का? काकूंच्या ओळखीत कोणाचं तरी तसं झालंय. मला काय, मी आपली विचारून ठेवते.

तुझ्यासाठी निळा स्वेटर घेतला होता विणायला. बाही अर्धी राहिली आहे. सुया हातात घेतल्या की टाके चुकतात.

तब्येतीला जप. जेवताना मोबाईल बघू नकोस.

तुझी,
आत्या


१३ फेब्रुवारी

ती. आत्या,

काकूंकडे कार्ड नाही. त्या वाण्यालासुद्धा नोटा दोनदा मोजून देतात. तेव्हा काकूंचं नाव पुढे करू नकोस. कार्ड अगदी टाकू नकोस म्हणतेस, म्हणजे तुझ्या बिलात न केलेली खरेदी आली आहे ना? सरळ सांगायचं सोडून स्वेटरच्या बाह्या काय सांगतेस!

आता शांत बस आणि वाच. कार्डाने खरेदी करताना तुझा नंबर उघड्यावर जात नाही. तो निघतो तोच अशा खुणांमध्ये बदलून, की वाटेत कोणी पकडला तरी त्याला अर्थ लागू नये. चांगल्या दुकानाकडे तो खरा नंबर राहतही नाही. दुकानाकडे उरतो बदली नंबर आणि तो दुसऱ्या कुठल्याही दुकानात चालत नाही. तू बोर्डावर डॉक्टरांच्या घरचा नंबर कोणाला द्यायची नाहीस, एक्स्टेन्शन द्यायचीस, तसंच. कार्डामागचे तीन आकडे कोणी लिहून ठेवायचे नाहीत असा नियम आहे. आणि शेवटचा पहारा म्हणजे ते सहा आकडे. पाच मिनिटं जगतात आणि एकदा वापरले की मेले.

मग चोरी कुठून झाली? मला वाटतं, लोकरीच्या दुकानातून. तुझ्या गल्लीच्या टोकाला ती लोकरवाली आहे ना, तिने हौसेने साइट काढली आहे. अशा लहान साइटमध्ये कोणीतरी घुसतो आणि पैसे भरायच्या जागी हुबेहूब दिसणारं खोटं पान लावतो, म्हणजे नंबर आणि ते सहा आकडेही थेट त्याच्या हातात. खरं सांगायचं तर ती लोकर मागवताना मी मीटिंगमध्ये होते. टेबलाखाली मोबाईल धरून पैसे भरले. पानाचा पत्ता वाचला नाही.

सोबत तक्रारीचा अर्ज पाठवते आहे. भरून लगेच पाठव. तुझा मोबाईल शेवटचा कधी बंद होता वगैरे सगळं खरं लिही. फक्त दोन ठिकाणी मी सांगते तसं कर. लोकर तू स्वतः मागवलीस असं लिही. आणि सातवा प्रश्न आहे, "हा आकडा आपण कधी कोणाला सांगितला आहे का?" तिथे "नाही" लिही. माझं नाव निघालं तर दोघींचीही पंचाईत होईल. आणि ते खोटंही नाही, आपण एकच घर आहोत.

तुझे पैसे परत येतील. यंत्रं त्यातूनच घेऊ.

लगबग


२० फेब्रुवारी

चि. लगबग,

अर्ज काल पोस्टात टाकला. सांगितलंस तसंच लिहिलं. सातव्या प्रश्नाला "नाही" लिहिलं. शाई पसरली तेव्हा वाटलं, वरून काहीतरी गिरवून "हो" करता येईल. केलं नाही.

पुढचं तुझ्या हातात.

आत्या


३ मार्च

ती. आत्या,

हे काय पत्र? चार ओळी! तारेलासुद्धा याहून जास्त शब्द असायचे.

पण मी चांगली बातमी देते आहे, म्हणून माफ. अर्ज पुढे सरकला. तू आकडा कोणाला सांगितला नाहीस, मोबाईल तुझ्याकडेच होता, म्हणजे कुठल्यातरी दुकानातूनच फुटला असणार, असं चौकशीवाल्यांनी धरलं. शेवटची खरेदी लोकरवालीकडे. तिचं कार्डावर पैसे घेणं त्यांनी चौकशी होईपर्यंत बंद केलं आहे. म्हणजे संशय पक्का दिसतो. महिन्याभरात तुझी रक्कम परत येईल, असं आमचा चौकशीवाला चहा पिताना म्हणाला.

बघ, उगाच घाबरत होतीस. आता कान दुखायचा थांबव आणि फोन उचल.

लगबग


८ मार्च

चि. बाळ,

आज टोपणनावाने हाक मारवत नाही.

तुझं पत्र आलं तेव्हा मी लोकरवालीकडूनच आले होते. निळी लोकर कमी पडली म्हणून गेले होते. एरवी तिच्या काउंटरवर बाहेरगावी पाठवायच्या पुड्यांची चळत असते. काल काउंटर रिकामं होतं. ती म्हणाली, "आत्याबाई, माझ्या साइटवर कार्ड घेणं बंद केलंय. कोणीतरी तक्रार केलीय म्हणे, माझ्याकडून नंबर चोरीला गेला. सांगा ना, मी कशाला कोणाचे नंबर चोरू? मला माझाच पिनकोड आठवत नाही." हे ती हसत म्हणाली आणि हसता हसता पाठ फिरवून कपाटातली लोकर काढायला लागली. बराच वेळ काढत राहिली. मी काउंटरवर बोटं ठेवून उभी होते. पैसे दिले, सुटे घेतले आणि घरी आले.

घरी दारात तुझं पत्र पडलं होतं.

तिने काही केलेलं नाही. आकडा मी सांगितला. फक्त तुला नाही, आणखी एकाला.

तेवीस जानेवारीला सकाळी अकराच्या सुमारास फोन आला. आवाज मऊ, आपलीच भाषा. म्हणाला, "कार्ड कंपनीतून बोलतोय, तुमचं कार्ड आज बंद होणार आहे, माहिती पडताळून घ्यायचीय." मी काही बावळट नाही. मी म्हटलं, "माझी भाचीच आहे तुमच्याकडे. मेसेजमधलं वाक्य तीच लिहिते." तो म्हणाला, "हो का? मग घरचंच काम झालं! त्या माझ्या पलीकडच्या टेबलावर बसतात. त्यांच्याच नातेवाइकांचं काम अडलं तर वर त्यांनाच बोलणं बसेल हो." इथे मी पाघळले. तुला कोणी बोलू नये, एवढंच डोक्यात राहिलं.

मी चष्मा लावून कार्डावरचे सोळा आकडे वाचले, माझ्या पद्धतीने, जोडीजोडीने. ठसक्यात. तो अडखळला. "मॅडम, एकोणऐंशी म्हणजे सहा-नऊ का?" आणि मला काय वाटलं सांगू? मला तुझी आठवण आली. तूही तिथेच अडतेस. मला तो आपल्यातलाच वाटला. ज्याला एकोणऐंशी कळत नाही तो तुझ्याच ऑफिसातला असणार, असं मला वाटलं.

कसेबसे सोळा झाले, मागचे तीन झाले. मग मोबाईलवर सहा आकडे आले. तेही मी जोडीने सांगितले. त्याने चुकीचे टाकले. पुन्हा सांगितले, पुन्हा चुकले. तोवर पाच मिनिटं होऊन गेली. "हा गेला, मॅडम, दुसरा येईल," तो म्हणाला. वैतागला होता. आणखी एकदा चुकलं असतं तर त्याने नाद सोडला असता, मला आता अगदी तसंच वाटतं.

पण बोर्डावर आम्हाला एकच शिकवलं होतं. समोरच्याला आकडा नीट कळेपर्यंत फोन ठेवायचा नाही. मी म्हटलं, "थांबा, मी सुटे करून सांगते." त्याने मागितले नव्हते, मीच म्हटलं. दुसरे सहा आले ते एक-एक करून सांगितले. आणि त्याने परत म्हटले तेव्हा "बरोबर, शाब्बास" असंही म्हणाले.

दहा मिनिटांत खरेदीचा मेसेज आला. दोन महागडे मोबाईल. यंत्रांसाठी मी ठेवलेली रक्कम गेली. मी फोन लोकरीच्या पिशवीत टाकला आणि पिशवी कपाटात. त्यानंतर तुझ्या फोनची घंटा वाजायची ती कपाटातून. मी इकडे बसून ऐकायचे. डावा कान नाही दुखत गं. तुला सांगितलं तर तुझी नोकरी जाईल आणि नाही सांगितलं तर निदान माझेच पैसे जातील, असा मी हिशेब केला. त्या हिशेबात लोकरवाली कुठेच नव्हती.

तू म्हणालीस म्हणून मी "नाही" लिहिलं असं म्हणणार नाही. पेन माझ्या हातात होतं. मी तीस वर्षं लोकांचे नंबर सांभाळले, कोणाच्या आजाराची गोष्ट कानावर पडली तरी घरी उंबऱ्याच्या आत आणली नाही. आणि शेवटी माझ्यामुळे एका सरळ बाईवर चोरीचा आळ आला.

आता तू सांग काय करायचं. तू काही केलं नाहीस तर मी कंपनीला वेगळं पत्र लिहीन. तुझं नाव वगळून कसं लिहायचं ते सुचत नाही, म्हणून थांबले आहे.

आत्या


२७ मार्च

ती. आत्या,

एकोणीस दिवस उत्तर दिलं नाही. लगबग म्हणवून घेते आणि एकोणीस दिवस लावले. तुझं पत्र पर्समध्ये घेऊन हिंडत होते.

पहिल्या दिवशी काय केलं ते सांगते, कारण सगळं सांगायचं ठरवलं आहे. पहिल्या दिवशी मी विचार केला, की चौकशीत लोकरवालीविरुद्ध काही सापडणारच नाही, महिन्याभरात ती आपोआप सुटेल, तुझे पैसे परत मिळतील, माझी नोकरी राहील. मग कशाला बोला? असा विचार मी तीन दिवस केला. चवथ्या दिवशी चौकशीवाला म्हणाला, "दुकानवाली रोज फोन करते. मी काय केलं ते तरी सांगा, म्हणते." तो हसत होता. मी त्याच्याबरोबर चहा पीत होते. मला तो कप खाली ठेवता येईना.

त्याच दुपारी साहेबीणबाईंच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. आकडे मी घ्यायचे हे सांगितलं. अर्जात "नाही" मी लिहायला लावलं हेही सांगितलं. त्यांनी मोबाईलवरचा एक जुना मेसेज उघडून माझ्यापुढे धरला. मग म्हणाल्या, "ते वाक्य तुम्हीच लिहिलंय ना?" मी हो म्हटलं. "मग तुम्ही तरी वाचायचं होतं."

लोकरवालीचं कार्ड दुसऱ्याच दिवशी सुरू झालं. कंपनीने तिला दिलगिरीचं पत्र पाठवलं आहे. तुझी रक्कम मात्र परत येणार नाही. आकडा स्वतः सांगितला असेल तर कंपनी हात वर करते. खोटं चाललं असतं तर पैसे मिळाले असते, खरं बोलून मी ते घालवले. नोकरी गेली नाही, पण वाक्यं लिहायचं काम काढून घेतलं. आता मी तक्रारींच्या फोनवर बसते. कानाला हेडफोन लावून, तुझ्यासारखी.

आणि तिथे रोज कोणीतरी म्हातारा, कोणीतरी बाई रडवेल्या आवाजात सांगते, "अहो, मी सांगितला, पण तो कंपनीतूनच बोलत होता." मी विचारते, "वाक्य वाचलं नव्हतं का?" ते म्हणतात, "कोणालाही सांगू नका म्हणजे परक्याला सांगू नका, असं वाटलं." आत्या, हे 'कोणालाही' मी लिहिलं आणि मीच तुला शिकवलं की त्यात घरचे येत नाहीत. घरचे येत नाहीत म्हटल्यावर त्याला फक्त घरचा व्हायचं होतं. तो झाला.

पण मला सगळ्यात जास्त खातं ते दुसरंच. तुझ्या जोड्या त्याला कळत नव्हत्या. पहिले सहा आकडे त्याच्या हातात मेले. तू तशीच एकोणऐंशी म्हणत राहिली असतीस तर तो दमून गेला असता. सुटे करून सांगायला तुला मी शिकवलं. भाषा माझी, जमत नव्हती मला, आणि शिकायचं सोडून मी तुलाच बदलायला लावलं. माझी दोन मिनिटं वाचावीत म्हणून. शनिवारी गाडी पकडून तुझ्याकडे आले असते, शेजारी बसून तुझ्या बोटाने तुला टाकायला लावलं असतं, तर एक दुपार गेली असती. एवढंच.

यंत्रांचे पैसे मी देते. नाही म्हणू नकोस.

तुझ्यासमोर यायला तोंड नाही, म्हणून पत्रच.

तुझी भाची


११ एप्रिल

चि. लगबग,

टोपणनाव परत केलं आहे, नीट वापर.

पैसे नको. नाही म्हणू नकोस म्हणालीस म्हणून मुद्दाम म्हणते, नाही. तू चोर नाहीस. चोराला वाट दाखवणाऱ्या दोघी आहोत, त्यात माझा वाटा मला लागेल तेवढा मी ठेवून घेतला आहे.

मी लोकरवालीकडे गेले. तिचं दुकान उघडल्या उघडल्या गेले, म्हणजे गिऱ्हाईक नसेल. सगळं सांगितलं. तक्रार माझी होती, खोटं मी लिहिलं, तुमच्यावर आळ माझ्यामुळे आला. ती लोकरीचे गुंडे लावत होती. लावायची थांबली नाही. शेवटचा गुंडा लावून म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही इथेच उभ्या होतात." मी म्हटलं, हो. मी दोन गुंडे घेतले आणि कार्ड काढलं, तर म्हणाली, "तुमच्याकडून रोखच घेईन." तिच्याकडे कार्ड चालू झालंय, तरी. मी रोख दिले. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती पूर्वी मला आत्याबाई म्हणायची, आता नुसतं तुम्ही म्हणते. मी दर आठवड्याला जाते आणि रोख देते. कधी पुन्हा आत्याबाई म्हणेल ते तिच्या मनावर.

आता यंत्राचं. दोन नाही, एकच घेतलं, उजव्या कानाचं. साठलेल्या पैशात तेवढंच बसलं. डावा कान काकूंसाठी राखीव ठेवला आहे.

आणि कोणी घेऊन दिलं नाही, मी घेतलं. माझ्या मोबाईलवर, माझ्या बोटाने. आधी साइटचा पत्ता डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच्या पत्त्याशी अक्षर अक्षर लावून पाहिला. सोळा आकडे टाकले, दोनदा चुकले. चाळीस मिनिटं लागली. तुझ्या दोन मिनिटांच्या वीसपट. सहा आकडे आले. आणि नेमका त्याच वेळी फोन वाजला. तुझा होता. बघितलं मी, तुझं नाव होतं. उचलला नाही. पाच मिनिटांत आकडा टाकायचा होता आणि तू विचारलं असतंस, "काय करतेस?" तर मी सांगितलं असतं, माझा स्वतःवर भरवसा नाही. वाजू दिला. आकडा टाकला. मग तुला फोन केला तर तू उचलला नाहीस. तक्रारींवर बसली असशील.

त्या मेसेजात वाक्य अजून जुनंच आहे. तुझ्या साहेबीणबाईंना सांग, एका म्हाताऱ्या ऑपरेटरची सूचना आहे. "कोणालाही" काढा. लिहा, "भाचीलाही नाही." ज्याची जी भाची असेल ती त्याला आठवेल.

निळा स्वेटर पुरा झाला. एक बाही बोटभर मोठी आहे, टाके चुकले ते उसवायचा कंटाळा आला. तो न्यायला शनिवारची गाडी पकड. पोस्टाने पाठवणार नाही. तोंड नाही म्हणतेस, तर तोंडाशिवाय ये, पण ये. लोकरवालीकडे आपल्या दोघींना जायचं आहे. तुझ्या वाट्याचं तूच सांग.

तो आकडा आता मेला, म्हणून तुला सांगते. एकोणऐंशी, त्रेसष्ट, अठ्ठावीस.

सुटे करून देणार नाही.

तुझी,
आत्या